झोपेचं विचारणाऱ्या हरदासबाई

घोरण्यावर माझ्यासमोर कोणी हसलं की माझं डोकं फिरतं. मागच्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात हेच झालं. जेवणं आटोपली होती, हॉलमध्ये गाद्या टाकल्या होत्या आणि नवरीचे मामा उताणे पडून असे घोरत होते की शेजारच्या खोलीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पोरांनी मोबाइल काढून मामांचं शूटिंग चालवलं होतं. मी उठले, पोरांना हाकललं आणि मामांच्या उशाशी जाऊन बसले. सून जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, काय करून राह्यल्या तुम्ही? लोक पाहून राह्यले." मी म्हटलं, पाहू दे. मी त्यांचं घोरणं ऐकत नव्हते. ते मधेच थांबतं का, तेवढं ऐकत होते.

ही खोड मला हरदासबाईंनी लावली. बाई आता नाहीत. अमरावतीला भावाकडे गेल्या आणि तिकडेच काही वर्षांनी वारल्या. मला कळलं तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं. पण कुठे कोणी झोपलेलं दिसलं की माझे कान आपोआप टवकारतात, आणि तेव्हा बाई अगदी बाजूला उभ्या असल्यासारख्या वाटतात.

हरदासबाई म्हणजे डॉ. विमल हरदास. वणीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात त्या छातीच्या डॉक्टर होत्या आणि मी त्यांच्या ओपीडीत सिस्टर. दमा-खोकल्याच्या माणसांची आम्हाला कधी कमी पडली नाही. एका बाजूला राजूरच्या कोळशाची धूळ, दुसऱ्या बाजूला सरकी काढणाऱ्या जिनमधला कापसाचा फुफाटा, आणि घराघरांत पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर पेटलेल्या चुली. तिन्हीकडची माणसं छातीवर हात धरून आमच्या व्हरांड्यात येऊन बसत.

बाई ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, अंबाडा नेहमी सुटायच्या बेतात. खांद्याला सेफ्टी पिन असे, पण ती पदराला लावायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. लुनावरून दवाखान्यात येत आणि रस्ता अगदी रिकामा असला तरी प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवत. लग्न केलं नव्हतं. वडील यवतमाळला कचेरीत होते, घरात सगळे शिकलेले, त्यामुळे "वणीसारख्या ठिकाणी काय ठेवलंय" असं त्यांना येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारी. बाई म्हणत, "खोकला ठेवलाय."

तोंडाने मात्र फटकळ. एखाद्याच्या खिशात बिडीचं बंडल दिसलं की बाई त्याची अशी खरडपट्टी काढत की व्हरांड्यातले बाकीचे बिड्यावाले हळूच बाहेर जाऊन खिसे रिकामे करून येत. आणि तोच माणूस मान खाली घालून उठला की बाई विचारत, "चहा घेतला का? मग बसा, हा घ्या." स्वतःचा कप त्याच्यापुढे सरकवत. त्यामुळे बाईंचा चहा दिवसभरात कधी पुरा झाला नाही, आणि बिडी सोडायचं कबूल केलेल्या माणसांपेक्षा बाईंचा चहा प्यायलेली माणसंच गावात जास्त होती.

दुसरे डॉक्टर छातीला नळी लावत, पाठीवर टकटक करत आणि औषध लिहून मोकळे होत. बाई नळी गळ्यात अडकवत, पेन खाली ठेवत आणि खुर्ची पुढे ओढत. "बोला," त्या म्हणत, "आता झोपेचं बोला." समोरचा गोंधळे. तो खोकल्यासाठी आलेला, झोपेचं काय बोलणार? मग बाईंचे ठरलेले प्रश्न सुरू होत. घोरता का? सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का? बसल्या जागी डुलकी लागते का? आणि शेवटचा, ज्यावरून त्यांची गावभर चेष्टा झाली तो प्रश्न: "तुमच्याजवळ कोण झोपतं? त्यांना घेऊन या."

आता वणीसारख्या गावात एका बिनलग्नाच्या बाईने येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषाला हे विचारायचं म्हणजे काय होणार? आमच्याकडचे एक डॉक्टर तर रोज सकाळी मला विचारत, "काय सिस्टर, आज कोणाकोणाच्या बिछान्याची चौकशी झाली?" मी ते बाईंना सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "त्यांनाही एकदा बोलवा. मान जाडच आहे त्यांची."

मी नवीन असताना एकदा धीर करून विचारलं होतं, की बाई, खोकल्याच्या माणसाला झोपेचं कशाला विचारायचं? तेव्हा त्या पेशंट थांबवून माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "दिवसा ज्याला श्वास पुरत नाही तो झोपेत काय करत असेल, हे कोणी पाहिलं आहे? आपण त्याला जागेपणी तपासतो आणि घरी पाठवतो. अर्धा आजार तो घरी गादीवर ठेवून येतो, सिस्टर." त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची झाले.

त्यांच्या ड्रॉवरमध्ये शिंप्याची टेप असे. पेशंटच्या गळ्याभोवती टेप टाकून त्या मानेचा घेर घेत. ज्याची मान जाड त्याच्या घशाची वाट झोपेत बंद व्हायची शक्यता जास्त, एवढाच त्याचा अर्थ. पण हे समजावून सांगायच्या आधी बाई माप घेऊन टाकत. मुकुटबनचे एक आजोबा होते, भारी शिस्तीचे. त्यांनी मान ताठ करून माप दिलं आणि निघताना विचारलं, "बाह्या पूर्ण ठेवजा, बाई. अर्ध्या बाह्यांचं मी घालत नाई." त्यांना वाटलं दवाखान्याकडून सदरा मिळणार. मी हसू दाबायला खिडकीकडे वळले. बाईंनी मात्र मान डोलावली आणि खांद्याचं, हाताचंही माप घेतलं. पुढच्या खेपेला आजोबांना पांढरा सदरा मिळाला, पूर्ण बाह्यांचा. त्यांच्या घशात काही निघालं नाही, पण त्यानंतर ते दम्याचा पंप न चुकता ओढायला लागले. त्याआधी, पंपाची सवय लागते म्हणून तो त्यांनी देव्हाऱ्यात ठेवून दिला होता.

बायकांकडून खरं काढून घेणं सगळ्यात अवघड. नवऱ्याच्या झोपेबद्दल चारचौघांत बोलायचं म्हणजे जीभ टाळ्याला चिकटे. त्यातून सासू सोबत असली की संपलंच. एकदा एका तरुण माणसाबरोबर त्याची आई आणि बायको दोघी आल्या. बाईंनी सुनेला विचारलं, उत्तर सासूने दिलं: आमच्या घराण्यात कोणी घोरत नाई. बाईंनी वाद घातला नाही. त्या आजींकडे वळल्या आणि अगदी काळजीने त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला लागल्या. गुडघे कसे आहेत, भूक कशी आहे, झोप कशी लागते.

"कायची लागते झोप," आजी म्हणाल्या, "हा पोरगा लागू देईन तवा ना. वसरीत झोपतो मी, तरी भिंत हालते."

सुनेच्या पदराआडून इतकं हसू आलं की शेवटी आजीही हसल्या.

पण हसण्यासारखं नेहमी नसे. राजूरची एक बाई होती, तिचं सांगणं मला अजून आठवतं. घरातले सगळे झोपल्यावरच ती अंग टाकी, म्हणजे आपलं घोरणं कोणाच्या कानावर जाऊ नये. सकाळी सगळ्यांच्या आधी उठे ती त्याच धाकाने. बाईमाणसाने घोरणं म्हणजे केवढी लाज! हरदासबाईंनी तिचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. त्या दिवशी त्यांनी कोणालाच रागावलं नाही.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, जिन कधी चालू तर कधी बंद, खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा हलता हलत नसत. घराघरांत माणसं आढ्याकडे पाहत पडलेली. झोप ही त्या वर्षांत वणीत चैनीची गोष्ट होती, आणि म्हणूनच जो घोरे त्याचा सगळ्यांना हेवा वाटे. "झोपला बिचारा. नशीबवान आहे, त्याला तरी लागते," असं म्हणून घरातली माणसं पोरांना गप्प करत आणि दार लोटून घेत. घोरणं म्हणजे गाढ झोप, ही समजूत गावात इतकी पक्की होती की बाईंचं अर्धं आयुष्य तिच्याशी भांडण्यात गेलं. त्यात काही जण दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून घेत. दमेकऱ्याने असली गोळी घेतल्याचं कळलं की बाईंचा आवाज पार फाटकापर्यंत जाई.

अशाच एका वर्षी शब्बीरभाईंचं प्रकरण झालं.

शब्बीरभाई जिनच्या ट्रकवर ड्रायव्हर. आधी ते जिनच्या आतच कामाला होते, पण त्या फुफाट्याने दमा जडला, म्हणून मालकाने त्यांना गाडी शिकायला लावली. मुकुटबन, महागावकडून कापूस भरून आणायचा, हे त्यांचं काम. मोठ्या अंगाचा, मोठ्या मनाचा माणूस. दम्याच्या औषधाला येत तेव्हा व्हरांड्यातल्या निम्म्या पेशंटांना त्यांनीच ट्रकमध्ये बसवून आणलेलं असे. पाच वेळची नमाज कधी चुकवली नाही आणि दारूच्या तर वासालाही उभे राहत नसत.

एके दिवशी दुपारी, स्वच्छ उन्हात, सरळ रस्त्यावर त्यांचा भरलेला ट्रक मुकुटबनच्या अलीकडे रस्ता सोडून शेतात उतरला आणि बाभळीला टेकून थांबला. कोणाला लागलं नाही. पण लोक धावून आले तेव्हा शब्बीरभाई स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलेले होते. मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत वणीत बोभाटा झाला की शब्बीर पिऊन गाडी चालवतो. मालकाने त्यांना घरी बसवलं. जिनमध्ये तसंही माणसं कमी करायचं चाललंच होतं.

शब्बीरभाई तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्याकडे आले ते दम्यासाठी नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, मले लिहून द्या का हा माणूस दारू पीत नाई. तुमचं ऐकतीन लोक. माया ट्रक गेला, ते एक. पण या वयात दारुड्या म्हणून मशिदीत कोणत्या तोंडानं जाऊ?"

बाईंनी त्यांना बसवलं, स्वतःचा चहा दिला आणि म्हणाल्या, "आता झोपेचं बोला." शब्बीरभाई म्हणाले की झोप तर झकास आहे, पाठ टेकली की घोरतो, सगळं घर हेवा करतं. बाईंनी टेप काढली. माप घेतलं, टेपवरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाल्या, उद्या भाभींना घेऊन या.

झुबेदाभाभी दुसऱ्या दिवशी आल्या. बाईंनी शब्बीरभाईंना वजन करायला माझ्याबरोबर व्हरांड्याच्या टोकाला पाठवलं. ही त्यांची नेहमीची युक्ती. मी परत आले तेव्हा भाभी हळू आवाजात सांगत होत्या की लग्न झाल्यापासून त्या या आवाजाशेजारी झोपत आल्या आहेत. बाईंनी विचारलं, आवाज मधेच थांबतो का?

"थांबते ना बाई," भाभी म्हणाल्या. "लई जोरात घोरते, मंग एकदम चुप. तेवढ्यात मले बरं वाटते. मी म्हणतो, चला, आता शांत झोपले. तेवढ्यात मीही डोळा लावून घेतो."

बाईंनी पेन उघडलं, परत बंद केलं. मग खुर्ची भाभींच्या अगदी जवळ नेली आणि जितक्या हळू सांगता येईल तितक्या हळू सांगितलं, की भाभी, ते चुप होतात तेव्हा ते शांत झोपलेले नसतात. तेव्हा त्यांचा श्वास बंद पडलेला असतो. घसा मिटतो, हवा जात नाही. मग जीव धडपडतो आणि त्यांना झोपेतून उठवतो, म्हणून ते परत घोरतात. रात्रभर हेच चालतं. त्यांची झोप कधी होतच नाही, म्हणून दिवसा ती त्यांना स्टिअरिंगवर गाठते.

भाभी कितीतरी वेळ बाईंकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी ओढणी तोंडात धरली आणि रडायला लागल्या. इतकी वर्षं ज्या क्षणाला त्या मनातल्या मनात अल्लाचा शुक्र मानत होत्या, तो क्षण कोणता होता ते त्यांना कळलं होतं. मला तिथे उभं राहवेना. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही होत्या म्हणून मला कळलं. नाहीतर मी यांना नुसता पंप देत बसले असते."

शब्बीरभाईंना मात्र हे ऐकून आनंद झाला. त्यांना फक्त एवढंच समजलं की आपण दारू प्यायलो नव्हतो हे आता सिद्ध झालं. तो आनंद बाईंनी फार वेळ टिकू दिला नाही. इलाज होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, म्हणाल्या. ट्रक नाही, जीप नाही, स्कूटरसुद्धा नाही. शब्बीरभाईंचा चेहरा उतरला. ज्यांच्या चिठ्ठीने नावाबरोबर ट्रकही परत मिळेल असं त्यांना वाटलं होतं, त्यांनीच तो काढून घेतला. त्यांनी खूप विनवण्या केल्या. बाई हलल्या नाहीत. "तुमचं नाव मी सोडवते," त्या म्हणाल्या, "पण रस्त्यावरच्या माणसांचं काय करू?" शब्बीरभाईंनी शेवटी शब्द दिला आणि बसस्टँडजवळच्या मेहुण्याच्या गॅरेजमध्ये पाने-पक्कड उचलायला जाऊ लागले.

नाव सोडवायचं काम बाईंनी कसं केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी शब्बीरभाईंना विचारलं, की तुमच्या मालकाला तुम्ही झोपलेले दाखवले तर चालेल का? शब्बीरभाई म्हणाले, "दाखवा बाई. दारुड्या पाहण्यापेक्षा झोपलेला पाहू द्या." मग एका दुपारी ओपीडी संपल्यावर मालकाला निरोप गेला. शेठ कुरकुरतच आले. तपासायच्या खोलीत शब्बीरभाईंना पलंगावर उताणं झोपवलं होतं. भिंतीशी झुबेदाभाभी, पायाशी मी. शेठ खुर्चीत बसून घड्याळाकडे पाहत होते. शब्बीरभाईंना झोप लागायला काहीच वेळ लागला नाही. घोरणं सुरू झालं, शेठच्या ओठांवर हसू आलं. आणि मग ते थांबलं.

बाईंनी माझ्या ट्रेमधला कापूस उचलला, त्याचा एक बारीक तंतू ओढला आणि शब्बीरभाईंच्या नाकापुढे धरला. छाती वरखाली होत होती, पोट हिसके देत होतं, पण तो तंतू हलत नव्हता. शेठ खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी जन्मभर कापूस पारखला होता, पण एवढ्याशा कापसाकडे इतकं टक लावून कधी पाहिलं नसेल. शेठचा स्वतःचा श्वास अडकला होता, ते मला स्पष्ट दिसत होतं. मग शब्बीरभाईंच्या घशातून मोठा हिसका आला आणि कापूस बाईंच्या बोटांतून उडून गेला.

"रोज असंच होते?" शेठने विचारलं.

"रात्रभर," बाई म्हणाल्या.

शेठ उठले, झोपलेल्या शब्बीरभाईंच्या अंगावरची चादर त्यांनी उगाचच सारखी केली आणि बाहेर गेले. त्याच दिवशी संध्याकाळी जिनच्या फाटकावर त्यांनी चार माणसांसमोर सांगितलं की शब्बीर आजारी आहे, आणि दारूचं नाव काढणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावं. ट्रकची जागा त्यांनी राखून ठेवली.

नागपूरच्या तपासणीचा नंबर लागायला वेळ होता. तोवर बाईंनी शब्बीरभाईंना कुशीवर झोपायला सांगितलं. पण झोपेत माणूस पाठीवर वळणारच. त्यावर बाईंची स्वतःची तोड होती. बनियनच्या पाठीला आतून कापडाची पिशवी शिवायची आणि तिच्यात सरकी गच्च भरायची. उताणं झालं की सरकी टोचते आणि माणूस आपोआप कुशीवर येतो. आमच्या भागात सरकीला काय तोटा? वणीतल्या कितीतरी बायकांनी त्या वर्षांत नवऱ्यांच्या बनियनला असल्या पिशव्या शिवल्या. शब्बीरभाईंचा प्रयोग मात्र फसला. ते सकाळी अंगणात बाजेवर पडले असताना त्यांच्या बकरीने मागून येऊन बनियन आणि पिशवी दोन्ही फाडली आणि सरकी फस्त केली. हे सांगायला भाभी स्वतः आल्या होत्या. बाई इतक्या हसल्या की अंबाडा सुटला.

पुढे नागपूरला तपासणी झाली आणि श्वासाची मशीन आली. कुठून आली ते मी सांगणार नाही. बाईंनी तेव्हाच माझ्या तोंडाला कुलूप लावलं होतं. नाकावर मास्क बांधायचा आणि मशीन रात्रभर हवा ढकलत राहते, घसा मिटू देत नाही. पण त्या वर्षांत वीज कुठे टिकत होती? लोडशेडिंग सुरू झालं की मशीन बंद. बाई हवालदिल झाल्या. त्यातून वाट शब्बीरभाईंनीच काढली. ट्रकची एक जुनी बॅटरी गॅरेजमध्ये जागी केली, तिला कसलीशी जोडणी केली आणि बाजेखाली ठेवून दिली. बाई ते पाहायला त्यांच्या घरी गेल्या आणि प्रत्येक तारेला बोट लावून, हे काय, ते काय, विचारत बसल्या. भाभी म्हणाल्या की आता घरात इतकं शांत असतं की त्यांनाच झोप येत नाही. उठून त्या नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून पाहतात. बाई म्हणाल्या, "पाहा. मन भरेपर्यंत पाहा."

पण गाडी चालवायची परवानगी बाईंनी दिली नाही. कापसाचा हंगाम तोंडावर आला. शेठचा निरोप आला. शब्बीरभाई येऊन म्हणाले, आता मी ठणठणीत आहे. बाई म्हणाल्या, अजून नाही, परत तपासणी होऊ द्या. शब्बीरभाई पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. म्हणाले, तुम्हाला काय, तुमची खुर्ची कोणी काढून घेतली नाही. आणि निघून गेले. त्यानंतर बरेच दिवस ते आलेच नाहीत. दम्याचं औषधही त्यांनी दुसऱ्या कोणाकडून नेलं. व्हरांड्यात जाड आवाज ऐकला की बाई मान उचलून पाहत. एकदा मी म्हटलं, द्यायची होती बाई परवानगी, माणूस दुखावला. त्या म्हणाल्या, "दुखावलेला माणूस परत येतो, सिस्टर." पण त्या दिवशी डबा त्यांनी तसाच परत नेला.

ते आले, भाभींनी ओढत आणले म्हणून. नागपूरची दुसरी तपासणी झाली. ती चांगली निघाली. तरी बाईंनी त्यांना एक अख्खी दुपार, भरपेट जेवल्यावर, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवून ठेवलं आणि स्वतः पेशंट पाहता पाहता त्यांच्याकडे डोकावत राहिल्या. शब्बीरभाईंचे डोळे टक्क उघडे. पेशंटांशी गप्पा मारत होते. ओपीडी संपली तशा बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जा. चालवा गाडी." शब्बीरभाई उठले नाहीत. बसल्या जागी त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाई त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचं रडणं संपेपर्यंत समोरच्या कडुलिंबाकडे पाहत राहिल्या.

त्यानंतर काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. अमरावतीला भावाकडे राहायचं ठरलं. सामान असं होतं किती? दोन ट्रंका, पुस्तकांची खोकी, आणि लुना, ती त्यांनी भाभींच्या मुलीला देऊन टाकली. जायच्या दिवशी सकाळी दारात जिनची जीप उभी राहिली आणि चालकाच्या जागेवरून शब्बीरभाई उतरले. शेठने पाठवलं होतं की त्यांनीच मागून घेतली होती, ते मी विचारलं नाही. बाई पुढे बसल्या. मी मागे खोक्यांमध्ये. माझी बहीण मारेगावला, तिथपर्यंत मी सोबत जाणार होते.

आदल्या दोन दिवसांत भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती, बाई अगदी थकून गेल्या होत्या. वणी सुटेपर्यंत त्या शब्बीरभाईंना, पंप घेता ना, मशीन धुता ना, असं विचारत राहिल्या. मग बोलणं कमी झालं. मी बाईंबरोबर शिबिरांना किती फिरले होते, पण प्रवासात त्यांचा डोळा लागलेला कधी पाहिला नव्हता. त्यांचा कोणाच्याच चालवण्यावर विश्वास नसे. ड्रायव्हर कोणीही असो, त्या पुढे बसून रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त पाहत. त्या दिवशी मारेगाव यायच्या आधीच बाईंची मान खिडकीकडे कलली.

जीप थांबली. मी मागून उतरून पुढच्या दाराशी आले. चष्मा नाकावर घसरलेला, तोंड जरा उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. मी सवयीने कान दिला. श्वास अगदी सरळ चालला होता. इतक्या वर्षांचा निरोप घ्यायचा होता. हाक मारायला मी त्यांच्या खांद्याकडे हात नेला. शब्बीरभाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे माझ्याकडे. त्यांनी हळूच मान हलवली.

"झोपू द्या सिस्टर," ते म्हणाले. "मी जागा आहो."